अप्रधानाची तृतीया

मनुष्याची योग्यता त्याच्या कर्तृत्वावरून ओळखावी, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आणि मोठेपणी मुलांना ऐकविले. आम्ही तर ते फळ्यावर लिहून मुलांकडून गिरवून घेतले. आमची चौतीस वर्षे एका हायस्कुलात संस्कृत शिकविण्यात गेली. मॅट्रिकच्या पुढची पायरी आम्ही चढलो नाही. पण पाठशाळेत गुरुजींच्या पायाशी बसून व्याकरण केले होते. त्या भांडवलावर नोकरी लागली आणि गावात थोडाबहुत मानही मिळाला. आमच्या हाताखालून गेलेल्या किती मुलांना शालान्त परीक्षेत संस्कृतात पैकीच्या पैकी गुण मिळाले, याची नोंद आम्ही एका वहीत ठेवीत असू. हे प्रारंभी सांगण्याचा हेतू आत्मप्रौढीचा नव्हे. ती वही पुढे एकाएकी कशी परकी वाटू लागली, हे सांगावयाचे आहे.

सेवानिवृत्तीनंतर भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीतील कारकप्रकरणावर सुबोध मराठी विवरण लिहावयाचे आम्ही मनावर घेतले होते. २०२२ सालच्या मार्गशीर्षात लेखन तृतीया विभक्तीपर्यंत आले. त्या महिन्यातील एका रात्री दहाच्या सुमारास सौ.च्या हातून दुधाचे भांडे निसटले. "अहो, उजव्या हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते," ती म्हणाली. आम्ही मान वर न करताच उत्तर दिले, "दमली असशील. नीज आता, सकाळी डॉक्टरांना दाखवू." आणि पुन्हा आपल्या वाक्यात शिरलो.

पहाटे सहा वाजता पाहतो तो तिचा उजवा हात आणि उजवा पाय निश्चेष्ट पडलेले, तोंड एका बाजूस ओढलेले. डोळे मात्र उघडे होते आणि ती काहीतरी सांगू पाहत होती. तोंडातून ‘ते, ते’ एवढेच बाहेर येई. वाईहून साताऱ्यापर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. तेथील डॉक्टरांनी नाव-गाव विचारण्यापूर्वी एकच प्रश्न केला, "पहिले लक्षण किती वाजता दिसले?"

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देतात. परंतु ते साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. आम्ही मनाशी हिशेब केला. दहा ते सहा, आठ तास. त्या रात्री आम्ही एकदा मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिले असते तर कदाचित फरक पडला असता, कदाचित नसताही. डॉक्टरांनी दोष दिला नाही. तो आमचा आम्ही घेतला. वाचकांच्या घरी असा प्रसंग न येवो. परंतु तोंड वाकडे दिसू लागले, एक हात उचलेना, किंवा जीभ अडखळू लागली, तर सकाळची वाट पाहू नये आणि ‘दमली असेल’ असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर बोलावले असता गाडी येते, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक होते आणि तरीही आम्ही लिहीत बसलो होतो.

बावीस दिवसांनी सौ.ला घरी आणले. कन्या बंगळूरहून रजा काढून आली, पंधरा दिवस राहिली आणि जड मनाने परत गेली. मागे उरलो आम्ही दोघे. सकाळ-संध्याकाळ मदतीस एक बाई येत.

पहिल्याच सकाळी स्नान करून पूजेला बसलो आणि गोंधळून गेलो. अडतीस वर्षे देवपूजा आम्ही करीत होतो, निदान तसे आम्हांस वाटत होते. पाटावर बसावे तो ताम्हण, पळी-पंचपात्र जागच्या जागी. परडीत फुले निवडून ठेवलेली, दूर्वांच्या जुड्या बांधलेल्या. सहाणेवर गंध उगाळलेले, निरांजनात तुपात भिजलेली फुलवात. आम्ही मंत्र म्हणावयाचे आणि एकेक वस्तू उचलून देवावर वाहावयाची. त्या दिवशी सहाण कोरडी होती. चंदनाचे खोड कोठे ठेवतात हेही आम्हांस माहीत नव्हते. ते विचारण्यास खोलीत गेलो, तो सौ.ने डोळ्यांनी कोनाड्याकडे खूण केली. कोनाड्यात खोड, कापसाचा पुडा आणि काड्यापेटी ओळीने मांडलेली होती. पूजा त्या दिवशी पुष्कळ लांबली, आणि मंत्र सोडून दुसरे काहीही आम्हांस धड आले नाही.

भेटीस येणाऱ्या मंडळींविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. कोणी अंगारा आणला, कोणी कोठले तेल आणले. ते सर्व प्रेमाने आणलेले होते, आणि प्रेमाने आणलेल्या वस्तूस नाही म्हणू नये. परंतु रोग्याच्या उशाशी बसून ‘पूर्वसंचित’ या विषयावर प्रवचन करणाऱ्यांना आम्ही दारातूनच निरोप देऊ लागलो. रोग्याला ऐकू येते, इतके तरी त्यांनी जाणावे.

सौ.ला सर्व समजत असे. बोलता मात्र येत नसे. वाचोपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी समजाविले की, उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची वाणी मेंदूच्या डाव्या भागात असते. पॅरिसच्या ब्रोका नामक डॉक्टराने १८६५ साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. त्याच्याजवळ एक रोगी होता; त्याला सर्व समजे, पण ‘तान’ याखेरीज काही उच्चारता येत नसे, म्हणून त्याला सारे ‘तान’ या नावानेच ओळखत. आमच्या घरी ‘ते’ हे अक्षर आले होते. पाणी हवे तरी ‘ते’, दुखते तरी ‘ते’. आमची एक वृद्ध मावशी म्हणाली, "अरे, ती तुलाच हाक मारते आहे. आम्ही बायका नवऱ्याला ‘ते’च म्हणतो." बाईंनी हसून मान हलविली. शास्त्राप्रमाणे त्या अक्षराला अर्थ नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमचा सत्कार योजिला. तो पूर्वीच ठरला होता. जावे की न जावे, असे दोन दिवस म्हणत राहिलो, अखेर गेलो. शाल, श्रीफळ, भाषणे. ‘सरांच्या तोंडून अशुद्ध उच्चार आम्ही कधी ऐकला नाही आणि आमच्या तोंडचा त्यांनी कधी खपवून घेतला नाही,’ असे एक जण म्हणाला. टाळ्या झाल्या. खोटे कशाला बोला, दोन महिन्यांत प्रथमच छाती भरून आली. त्या खोलीत आम्ही बेडपॅन धुणारे, पाणी पाजणारे, कूस वळविणारे होतो. येथे पुन्हा ‘सर’ झालो. घरी येऊन शाल सौ.च्या पुढे धरली. तिने डाव्या हाताने ती चाचपून पाहिली आणि ओढून आपल्या गार पडलेल्या उजव्या हातावर घेतली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेजारची आठ वर्षांची मुलगी ओटीवर बसून रामरक्षा म्हणत होती. आम्ही खोलीत समोरच होतो. एकाएकी खाटेवरून दुसरा सूर त्या मुलीच्या सुरात मिळाला. जड, घोगरा, परंतु शब्द स्पष्ट. सात आठवडे ज्या तोंडातून एका अक्षरापलीकडे काही निघाले नव्हते, ते तोंड कवचाचे श्लोक म्हणत होते!

रामरक्षेच्या कवचात एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केलेला आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. मस्तक राघवाकडे, कपाळ दशरथात्मजाकडे, डोळे कौसल्येयाकडे, अशी ती उतरती वाट पायापर्यंत जाते. मुखाचे रक्षण सौमित्रिवत्सलाकडे आहे. सौमित्रि म्हणजे सुमित्रेचा पुत्र लक्ष्मण, तो ज्याला प्रिय तो राम. सौ. लहानपणी आजीच्या मांडीवर रामरक्षा शिकली. आजी ‘सौमित्रवत्सल’ म्हणत असे, म्हणून तीही तसेच म्हणे. लग्न झाल्यापासून आम्ही ते सुधारू पाहत होतो आणि ती हसून सोडून देई. वास्तविक सौमित्र हेही लक्ष्मणाचे नाव रूढ आहे, व्याकरणाने ते सिद्धही होते आणि त्याने छंद बिघडत नाही. परंतु पाठ तो पाठ, असा आमचा बाणा.

त्या संध्याकाळी ती त्या शब्दापाशी आली. ‘सौमित्रवत्सल’ म्हणाली. आणि आम्ही, रामाची शपथ, काही विचार न करता म्हणालो, "सौमित्रि. रि."

ती थांबली. मुलगी पुढे म्हणत गेली. ती थांबलेलीच राहिली. पुढचा शब्द जिभेचा होता. त्यानंतर अकरा दिवस तिच्या तोंडून ‘ते’ हे अक्षरसुद्धा निघाले नाही. पाणी हवे असले तर ती भांड्याकडे बघे. राग नव्हता तिच्या नजरेत. राग असता तर आम्हांस बरे वाटले असते. जणू एका परीक्षेत ती नापास झाली होती आणि पुन्हा बसण्याची तिची इच्छा नव्हती.

ते अकरा दिवस आम्ही कसे काढले हे सविस्तर लिहिण्याजोगे नाही. कौमुदी उघडली, मिटली. ती गुणांची वहीही एकदा उघडली; शेकडो नावे, आणि त्यांतले एकही या खोलीत उपयोगी पडणारे नव्हते. वाचोपचाराच्या बाईंना आम्ही घडलेले सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, स्वतः वाक्य जुळविणे ही एक गोष्ट, आणि बालपणी मुरलेले म्हणणे ही दुसरी. पहिली गेली तरी दुसरी पुष्कळदा शिल्लक राहते. प्रार्थना, गाणे, अंक, एखादी शिवीसुद्धा! ती वाट उघडली होती. पुन्हा उघडेल, फक्त तेथे मास्तर उभा नको." बोस्टन येथे १९७३ साली सुरावर शब्द म्हणवून घेण्याची एक उपचारपद्धती प्रसिद्ध झाली, तिचेही वर्णन त्यांनी केले. आम्ही ऐकत होतो. पण मनात एवढेच राहिले की, मास्तर उभा नको. मास्तर वजा केला असता आमच्यात काय उरते, हे आम्हांस खरोखर ठाऊक नव्हते.

आमची श्रद्धा कोणत्या जातीची होती तेही येथे कबूल केले पाहिजे. स्तोत्रे आम्हांस शेकड्यांनी पाठ. परंतु त्यांतले विभक्ती आणि समास आम्हांस दिसत, देव क्वचित. रामरक्षेतील ज्या श्लोकात राम शब्दाच्या आठही विभक्ती येतात, तो आम्ही दरवर्षी वर्गात शिकविला. म्हणावासा म्हणून कधी म्हटला नाही. सौ.ला विभक्ती येत नसत. ती दिवा लावी आणि म्हणे.

अकराव्या रात्री वीज गेली. माघातली थंडी होती. समई खोलीत आणून ठेवली आणि तिचा डावा हात धरून बसलो. काही करावयाचे नव्हते आणि काही करणे शक्यही नव्हते. मनात भय दाटले होते, की ही आता कायमची मुकी राहणार, आणि ती आमच्यामुळे. त्या भयानेच आम्ही रामरक्षा म्हणू लागलो. शिकविण्यासाठी नव्हे, ऐकविण्यासाठीही नव्हे. अंधारात मूल म्हणते तशी. मुखाच्या श्लोकापाशी आलो आणि आमच्या तोंडून शब्द गेला ‘सौमित्रवत्सल’! अडतीस वर्षे रोज कानी पडलेला पाठ जिभेने आपला म्हणून उचलला होता. आम्ही चपापून थांबलो.

हातातला हात हलला. समईच्या उजेडात पाहिले, तो ती अर्ध्या तोंडाने हसत होती. मग तिने पुढचा शब्द उच्चारला, जिभेचा. जिभेचे रक्षण कवचात ‘विद्यानिधी’कडे आहे. पायापर्यंत आम्ही दोघे बरोबर गेलो. ती दोनदा चुकली, आम्ही एकदा.

रामरक्षेने पक्षाघात बरा होतो, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ राहण्याची गोळी आणि रोजचा व्यायाम यांत आम्ही एक दिवसाचाही खंड पडू दिला नाही आणि देणार नाही. परंतु व्यायाम कंटाळवाणा असतो, दुखतो, आणि पहिले काही महिने त्याचे फळ दिसतच नाही. त्यासाठी रोज उठण्याचे बळ कोठून आणावयाचे? सौ.ने ते कवचातून आणले. फिजिओथेरपीसाठी येणारी तरुण मुलगी हुशार होती. तिने आठवडाभरात सर्व क्रम शिकून घेतला. "काकू, आता भुजा. कोण?" म्हणजे ‘भग्नेशकार्मुक’, शिवधनुष्य मोडणारा, हात खांद्याच्या वर जाऊ लागला की तिघेही हसत असू. गुडघे ‘सेतुकृता’चे, सेतू बांधणाऱ्याचे. तो सेतू सर्वांत अवघड गेला. खाटेपासून दारापर्यंतची सात पावले टाकण्यास सौ.ला वैशाख उजाडला.

बोटांसाठी त्या मुलीने रबरी चेंडू दिला होता. सौ.ने तो बाजूस ठेवून कापूस मागितला. फुलवात वळावयाची म्हणजे कापसाचा पुंजका तळव्यावर पसरून त्याचे टोक चिमटीत पिळावे लागते. आरोग्य असताना ती एका बैठकीत शंभर वळी. आता चिमटी जुळेना. कापूस ओला होई, सुटे, खाली पडे. आम्ही तो उचलून पुन्हा हातात देत असू. दिवसभरात आमचे मुख्य काम तेवढेच. पहिली उभी राहिलेली वात आषाढात झाली. वाकडी, एका बाजूस फुगलेली. निरांजनात लावली तर तूप न पिता धूर सोडू लागली. तरी त्या दिवशी आम्ही दुसरी लावली नाही.

त्याच वर्षीच्या गणेशचतुर्थीला मात्र ती खचली. आमच्या घरचे एकवीस उकडीचे मोदक तिच्या हातचे. त्या वर्षी शेजारून आले. आरती झाल्यावर तिने पाटी मागितली आणि डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरे काढली, ‘माझा काय उपयोग?’

चौतीस वर्षे मुलांच्या प्रश्नांस उत्तरे दिली, पण या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. धीराचे शब्द पुष्कळ सुचले. तोंडाशी येताच ते सर्व खोटे वाटले. कारण हाच प्रश्न आम्ही स्वतःस माघापासून विचारीत होतो. शेवटी आम्हांस जे येते तेच आम्ही केले. तिच्याजवळ बसून, ज्या सूत्रावर विवरण थांबले होते ते समजावून सांगितले. तिला कधी व्याकरण सांगितले नव्हते. ‘पुत्रासह पिता आला’ या वाक्यात येण्याच्या क्रियेशी पित्याचा साक्षात संबंध आहे. पुत्राचा संबंध पित्याच्या द्वारे. म्हणून पिता प्रधान, पुत्र अप्रधान; आणि ‘सह’ या अर्थाच्या शब्दाच्या योगाने पाणिनी तृतीया सांगतो ती अप्रधानास. "मी आयुष्यभर प्रथमेत बसलो होतो," आम्ही तिला म्हणालो, "तू तृतीयेत. पूजा मी करीत होतो, तू सह होतीस. आता चालावयाचे तुला आहे, बोलावयाचे तुला आहे. मी सह आहे. मला यात काही उणे वाटेनासे झाले आहे. तुला माझ्याबरोबर इतकी वर्षे उणे वाटत होते काय?"

ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग पदराने अक्षरे पुसली. उत्तर लिहिले नाही. मोदक मात्र एक खाल्ला, आणि तोंड वाकडे करून हाताने खूण केली की, उकड कच्ची आहे.

भट्टोजी दीक्षितांनी या सूत्रावर आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ‘सह’ हा शब्द वाक्यात प्रत्यक्ष नसला तरी ही तृतीया होते, कारण पाणिनीनेच एके ठिकाणी तसा प्रयोग केला आहे. हे आम्ही अनेकदा शिकविले होते. अद्याप विवरणात ते लिहावयाचे राहिले आहे; हस्तलिखित त्याच पानावर आहे. वेळ मिळतो तेव्हा एखादा परिच्छेद होतो. घाई वाटत नाही.

सौ. आता घरात काठीने हिंडते. लहान वाक्ये बोलते. नावांची गल्लत होते. मीठ म्हणावयाचे असता ती साखर म्हणते, आणि चहा आता आमच्या हातचा असल्यामुळे एके दिवशी दोघांनी तो खारट प्याला. ‘अहो’ मात्र पूर्वीसारखे स्वच्छ म्हणते. ‘अहो’ हे अव्यय आहे, कोणत्याही विभक्तीत बदलत नाही.

२०२४ सालच्या चैत्रात, रामनवमीच्या आधीचे आठ दिवस, आळीतील पाच-सहा मुले दिवेलागणीला आमच्या ओटीवर रामरक्षा शिकावयास येत. शिकविणार सौ., आम्ही भिंतीशी चटईवर. एका मुलाची आई आमचीच जुनी विद्यार्थिनी. पैकीच्या पैकी गुणांच्या वहीत तिचे नाव आहे. चौथ्या दिवशी ती मुलाला न्यावयास लवकर आली आणि पायरीवर उभी राहून ऐकू लागली. मुखाचा श्लोक आला. मुलांनी एका सुरात म्हटले, सौ.ने शिकविले होते तसे. ती बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, सौमित्रि ना?"

"पुस्तकात सौमित्रि," आम्ही म्हणालो. "या ओटीवर सौमित्र."

सौ.ने ऐकले असावे. तिने मुलांना थांबविले नाही; बोटाने जिभेची खूण केली आणि मुले विद्यानिधीकडे वळली.